बाई, तुमच्या गूळ-तिखट लाह्या

बाई, आज पुन्हा लाह्या जळल्या.

कढई तापेपर्यंत मला दम निघत नाही. उठते, दारापर्यंत जाते, अंगणात पाहते, गोठ्यात कोणी नाही हे माहीत असून डोकावते. परत येते तोवर कढई इतकी तापलेली असते की मूठभर ज्वारी टाकली की ती फुटायच्या आधीच काळी पडते. तुम्ही असता तर एक शब्द न बोलता माझ्या हातातला फडक्याचा बोळा काढून घेतला असता आणि मला बाजूला सरकवलं असतं. तुमचा तो कोपराचा धक्का मला इतकी वर्षं खुपला. आता बसायला मोकळी जागा आहे, तर बसवत नाही.

गावातल्या बाया भेटायला येतात. पदर डोळ्याला लावतात. "लय गुनाची होती," म्हणतात, "कोनासमोर वर मान करून बोलली नाई." मी मुकाट्यानं ऐकते. त्यातल्या दोघीतिघींना तरी आठवत असणार की तुम्ही वर मान करून बोलला होता, भर बैठकीत, पाहुण्यांसमोर. पण गेलेल्या माणसाबद्दल तसं बोलत नाहीत. मला तुमचे गुण आठवत बसायचं नाही, बाई. मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलं.

तसं पाहिलं तर आपली ओळखही भांडणातच झाली. मी अकोल्याची, जुन्या शहरातली. मोर्णेच्या काठी वडलांचं गुळाचं दुकान. ढेप फोडताना उडालेले खडे वेचून खाण्यात माझं लहानपण गेलं. लग्न होऊन अंजनगावाकडच्या या घरात आले तेव्हा सासू-सासरे दोघंही नव्हते. होते ते आपल्या दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, आणि घर सांभाळणाऱ्या तुम्ही, थोरली जाऊ. तुम्ही शेंदूरजनाघाटाकडच्या, डोंगराच्या पायथ्याच्या. तुमच्याकडं लाह्या म्हणजे लसूण आणि लाल मिरची. माझ्याकडं लाह्या म्हणजे गूळ.

माझी इथली पहिली नागपंचमी आली. आदल्या दिवशी तुम्ही मडक्यातली ज्वारी काढली. बारीक, गोल, दातानं फुटणार नाही अशी टणक. भाकरीची ज्वारी वेगळी, ही वेगळी. ही शेताच्या धुऱ्यावर, बांधाला, तुम्ही स्वतःच्या हातानं पेरायच्या. तिच्यावर कढत पाणी ओतलं, जरा वेळ ठेवून उपसली आणि ओल्या फडक्यात बांधून ठेवली. सकाळी ती सावलीत पसरली. मी म्हटलं, उन्हात टाकू का, लवकर सुकेल. तुम्ही म्हणाला, "सुकवाची नाई. वरून कोरडी अन् आतून ओली पाह्यजे." मग लोखंडी कढई चुलीवर, चुलीत पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळल्या काड्यांचा, जाळ, आणि एका वेळी एक मूठ, जास्त नाही. बोळ्यानं दाणे फिरवत राहायचं. पहिला दाणा फुटला की सुपानं झाकायचं, नाहीतर साऱ्या चुलीभोवती पांढरी फुलं.

टोपली भरली. तुम्ही कढईत जवसाचं तेल घातलं, ठेचलेला लसूण, तिखट, मीठ.

"गोड नाही करायच्या?" मी विचारलं.

"गोड पूजेले. खायले तिखट."

"आमच्या घरी खायलाही गोडच करतात."

"मंग तुया घरी कोनाले दात राह्यले नसन."

मला इतका राग आला की तुम्ही पाणी आणायला गेल्यावर मी त्याच कढईत गूळ टाकला. कढई धुवायलाही थांबले नाही. गूळ वितळला, फेस आला, तळाशी राहिलेलं लाल तेल त्यात मिसळून पाकाला विटेसारखा रंग चढला. तुम्ही परत आलात तेव्हा मी घाबरून उरलेल्या लाह्या त्यात ओतत होते. तुम्ही घागर खाली ठेवली आणि नुसत्या पाहत राहिलात. थाळीत निवाल्यावर एक खडा तोडून तोंडात टाकला. दुसरा तोडला. मग तिसरा पदराखाली घेऊन ओसरीवर गेलात. मी तोंडात टाकलेला खडा आधी गोड लागला, आणि गिळल्यावर कानापर्यंत आग गेली, आणि त्या आगीसाठीच पुन्हा गूळ हवासा वाटला.

त्यानंतर या घरात लाह्या दुसऱ्या कशाच झाल्या नाहीत. भांडणही थांबलं नाही. तुम्ही म्हणायच्या तिखट तेलात आधी परतायचं, मग गूळ. मी म्हणायचे गुळाचा पाक झाल्यावर वरून तिखट घालायचं, म्हणजे करपत नाही. अजूनही मीच बरोबर आहे, बाई. पण तुमच्या लाह्या जास्त चांगल्या व्हायच्या, ते का, हे मला कळलेलं नाही.

माझा थोरला झाला तेव्हा मी सारखी तापात होते. तुम्ही त्याला छातीशी बांधून घरभर वावरायच्या. तो माझ्याआधी तुम्हाला आई म्हणाला. मी ते अंथरुणातून ऐकलं, आणि मला वाईट वाटलं नाही. आज हे पहिल्यांदा सांगते आहे. तेव्हा सांगायला हवं होतं, पण तुमच्यासमोर असलं काही बोलायला गेलं की तुम्ही कुठलं तरी काम काढायच्या.

तुमची कूस उजवली नाही. त्यावर या घरात कोणी बोलत नसे. माझी दोन लेकरं दोघींच्या मांडीवर वाढत होती, आणि ते तसंच चाललं असतं.

मग कापसाचा भाव चढला.

ओसरीवर दलाल येऊन बसायचा. त्यानं भासऱ्यांना, म्हणजे तुमच्या मालकांना, समजावून सांगितलं की समुद्रापलीकडं कुठं तरी लढाई जुंपली आहे. तिकडचा कापूस विलायतेला पोचत नाही, म्हणून विलायतेचे लोक आपला मागत आहेत. तुम्ही दाराआडून विचारलं, "लढाई थांबली मंग?" दलाल हसला. भासरे म्हणाले, "बायकायच्या डोक्यात थांबाचंच येते."

दोन पेरण्यांत सारी काळी जमीन पांढरी झाली. जिथं ज्वारी डोक्याच्या वर जायची तिथं पऱ्हाटी आली, आणि आपण भाकरीची ज्वारी बाजारातून आणू लागलो. अंगणात सरकी काढणाऱ्या बाया दिवसभर बसायच्या. लेकरांच्या केसांत, पिठात, दुधावर कापसाचे तंतू. भासरे गाड्या घेऊन अमरावतीला जायचे, गासड्या विकून यायचे, आणि येताना दर वेळी थोडे दुसरेच माणूस होऊन यायचे. पागोटं बदललं. बोलणं मोठं झालं. घरावर माडी चढवायला विटा येऊन पडल्या.

एकदा जेवताना ते भावाला म्हणाले, "हे सारं खानार कोन?"

माझी दोन्ही लेकरं तिथंच भाकरी खात बसली होती. माझ्या मालकांनी मान खाली घातली. दाराआड माझ्या हातातला तवा मला जड झाला. भासरे पुढं म्हणाले, अकोल्याच्या पलीकडं एक चांगलं घर आहे, पोरगी आहे, बोलणं आलं आहे. मग तुमच्याकडं वळून विचारलं, "तुयं काय म्हननं?"

तुम्ही त्यांच्या ताटात भाकरी वाढत होता. "करा," म्हणाला. आणि वर, "कोरड्यास वाढू का?"

त्या दुपारी मी तुम्हाला चुलीपाशी गाठलं.

"काहून हो म्हटलं तुम्ही?"

"घर त्यायचं हाये."

"तुमचं नाही का? रडा, भांडा, भावाला बोलावून घ्या. नाहीतर माझा धाकटा घ्या दत्तक. मी आज यांना सांगते. लेकरू तसंही तुमच्याच जवळ झोपतं."

तुम्ही माझ्याकडं पाहिलं. तेव्हा तुमचे डोळे कोरडे होते, ते मला जास्त लागलं. "लेकरू काय लाह्याची थाळी हाये? अर्धी तुले, अर्धी मले?"

"मी मनापासून देते."

"माईत हाये. म्हनूनच नाई घेत."

मला त्या उत्तराचा अर्थ लागला नाही. मी रागावले, दिवसचे दिवस कामापुरतं बोलले. तुम्ही तशाच. उलट जास्त हसतमुख. नव्या माणसासाठी म्हणून एक पेटी रिकामी केलीत, आपली लुगडी एका गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकलीत. मी ते पाहिलं आणि मला तुमची चीड आली. खरं सांगते, भासऱ्यांपेक्षा तुमची.

आणि मग ते लोक आले. पोरीचा बाप, आत्या आणि पोरगी. अंजनगावच्या बाजाराला निघालो होतो, वाटेत घर पाहून जाऊ, असं त्यांनी म्हटलं. घरच पाहायला आले होते, हे साऱ्यांना ठाऊक होतं. पुरुष बैठकीत बसले. आत्या परसात हिंडून विहीर किती खोल आहे ते पाहत होती. पोरगी आत आली आणि चुलीपाशी येऊन बसली. अंगावरचं लुगडं तिला पेलवत नव्हतं; सारखी एका हातानं ओचा धरून चालत होती. तिचं नाव येसू.

तुम्ही पाहुण्यांसाठी लाह्या करत होता. मी सूप धरलं होतं.

"हे फुटतेत कशे वो?" येसूनं विचारलं.

"आतमंदी थोडकं पानी असते. थे तापलं का बाहीर याले पायते."

तिनं तोंडाला हात लावून हसून घेतलं. तुम्ही तिला पाकातल्या लाह्यांचा गरम खडा दिला. तिनं खाल्ला. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, सूं सूं करत राहिली आणि पुन्हा हात पुढं केला.

"मायले लय आवडन हे. थोडकं बांधून द्यान का तिच्यासाठी?"

"देते ना. तुयी माय काहून नाई आली?"

"थे रडून राह्यली घरी," येसू सहज म्हणाली. "बाबा म्हने, मंग राह्य घरीच."

तुम्ही दुसरी मूठ कढईत टाकली. दाणे तडतडायला लागले. येसू गुडघ्यांना मिठी मारून कढईकडं पाहत होती. मग तिनं विचारलं, "मी इथं आल्यावर तुमी कुठं जासान?"

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. लाह्या उडून चुलीभोवती पडल्या.

"मी कुठी नाई जात," तुम्ही म्हणाला. "इथंच राह्यते."

"मंग बरं," पोर म्हणाली. "मले एकटीले झोप येत नाई."

बाई, तुमच्या हातून लाह्या जळताना मी तेवढ्याच एकदा पाहिल्या. धूर झाला तरी तुमचा बोळा हलला नाही. मीच कढई उतरवली. तुम्ही उठलात, फडकं घेतलं, थाळीतल्या साऱ्या लाह्या, पाहुण्यांच्या वाट्याच्यासुद्धा, त्यात बांधल्या आणि गाठोडं येसूच्या हातात दिलं. डोक्यावरचा पदर नीट केला. मला वाटलं परसात जाताय. तुम्ही बैठकीत गेलात.

मी दाराआड उभी होते. तुमचा आवाज मोठा नव्हता, पण अंगणात सरकी काढणाऱ्या बायांचे हात थांबले.

"पाव्हनं, पोरीले घरी घेऊन जा. तिची माय रडून राह्यली."

पाहुण्यांनी भासऱ्यांकडं पाहिलं. मग भासरे म्हणाले, "आत जा."

"जाते. मी हो म्हनलं होतं, थे मी परत घेते. सवत कराची तर बाई पाह्यजे. हे लेकरू हाये."

"तुले आत जा म्हनलं ना."

"याच्यावर बी तुमाले कराचंच असन तर मी माया भावाकडं जाते. अन् काहून जाऊन राह्यली, थे साऱ्या रस्त्यानं सांगत जाते."

पोरीचा बाप उठला. चांगला माणूस असावा. त्यानं वाद घातला नाही, पायात जोडा घातला आणि पोरीला हाक मारली. आत्या मात्र गाडीत बसेपर्यंत बोलत होती. येसूनं गाडीतून मागं वळून पाहिलं. गाठोडं छातीशी धरलं होतं.

त्या दिवसापासून भासऱ्यांनी तुमच्याशी बोलणं टाकलं. पाणी हवं तर भिंतीला सांगायचे, "पानी पाह्यजे." जेवण ओसरीवर, झोपणंही ओसरीवर. माझ्याशी तर ते कधीच बोलले नव्हते. भासरा धाकट्या भावजयीशी बोलत नाही, आणि माझं काही सांगायचं असलं तर ते तुमच्याच तोंडून त्यांच्यापर्यंत जायचं. म्हणजे या घरातल्या दोन्ही बायकांशी ते बोलत नव्हते, माझ्याशी रीतीनं आणि तुमच्याशी रागानं. एक पावसाळा गेला, हिवाळा गेला. तुम्ही रोज ताट वाढलंत, रोज भिंतीला सांगितलेलं ऐकलंत. मी एकदा म्हटलं, "बाई, तुम्ही त्या पोरीचं भलं केलंत." तुम्ही म्हणाला, "लसूण सोल."

लढाई थांबली. आपल्याला ते फार उशिरा कळलं. आधी दलाल यायचा थांबला, मग भाव ऐकून लोकांना खोटा वाटायला लागला. भासरे गासड्या घेऊन अमरावतीला गेले होते. तिथं घेणारं कोणी नाही, ज्यांनी शब्द दिला होता ते पेढ्या बंद करून गेलेले. ते परत आले ते सरळ गोठ्यात. बैल सोडले आणि तिथंच कडब्यावर बसून राहिले. माझे मालक बोलायला गेले, त्यांनी हातानंच जा म्हटलं.

तुम्ही चूल पेटवली. मला वाटलं भाकरी टाकताय. तुम्ही मडक्यातली ज्वारी काढली. ती भिजवून मुरवायला वेळ नव्हता, नुसतं पाणी शिंपडून तशीच फोडलीत. निम्मे दाणे फुटले, निम्मे गणंग राहिले. गूळ, तिखट घातलं आणि थाळी घेऊन गोठ्यात गेलात. मी खिडकीतून पाहत होते, हे तुम्हाला ठाऊक होतं.

थाळी त्यांच्यापुढं ठेवून तुम्ही उभ्याच राहिलात. खूप वेळानं त्यांनी एक खडा उचलला. दाताखाली गणंग आला असावा, तोंड वाकडं केलं. दुसरा उचलला. मग म्हणाले, "तिखट कमी पडलं."

"गूळ जास्त झाला," तुम्ही म्हणाला, आणि कडब्यावर त्यांच्या बाजूला बसलात.

माडी अर्धीच राहिली, अजून तशीच आहे. नदीकडच्या शेतात पुन्हा ज्वारी आली. भासरे तुमच्याशी बोलू लागले, पूर्वी बोलत होते त्याहूनही जास्त. मला वाटलं, आता तरी माझा प्रश्न विचारता येईल. तुम्ही कढईत बोळा फिरवत होता, मी पाक पाहत होते.

"बाई, त्या दिवशी तुम्ही येसूसाठी उभ्या राहिलात. एवढं तरी कबूल करा."

"तिच्यासाठी काहून? मी मायासाठी केलं."

"मग आधी हो का म्हटलं होतं?"

"थे बी मायासाठीच."

"दोन्ही कसं होईल? सरळ बोला ना कधी तरी."

तुम्ही हसलात. बोळ्यानं माझ्याकडं बोट दाखवल्यासारखं केलंत. "पाक पाय. लागून राह्यला."

मी पाक पाहिला. लागत नव्हता. वर पाहिलं तोवर तुम्ही उठून गेला होता. मी ठरवलं, पुढच्या खेपेला सोडायचं नाही.

मग तुम्हाला ताप आला. सुरुवातीला तुम्ही चूल सोडली नाहीत, मग भिंत धरून उठू लागलात, मग उठेनाशा झालात. भासरे चारचौघांत बायकोकडं वळून न पाहणारे. ते उशाशी बसून ओल्या फडक्यानं तुमचं कपाळ पुसत होते, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. तुम्ही त्यांच्याशी काहीतरी बोलत होता. मी पाणी घेऊन आले की थांबायच्या. मला तुम्ही शेवटचं समजेल असं बोललात ते इतकंच, की कोठीतली ज्वारी ऊन दाखवून ठेव, कीड लागेल. मी म्हटलं, ठेवते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही नव्हता.

मी तेव्हापासून तुमचं ते कोडं उलटंपालटं करते आहे. कधी वाटतं, नवऱ्याला नाही म्हणून त्याच्या मनातून उतरायची भीती वाटली म्हणून तुम्ही हो म्हणाला. कधी वाटतं, खरंच तुम्हाला घरात आणखी एक लेकरू हवं होतं, कुणाच्याही पोटचं. आणि ती पोर चुलीपाशी येऊन बसली तेव्हा दिसलं की लेकरू तर आलंच आहे, पण ते असं ठेवून घ्यायचं नाही. कधी वाटतं, माझा धाकटा तुम्ही घेतला नाहीत तो मला राखण्यासाठी. मग भांडी घासता घासता हे सारं खोटं वाटायला लागतं. तुम्ही असता तर यातल्या एकेकावर मी तुम्हाला धरलं असतं, तुम्ही नाही नाही म्हणाला असता, आणि कुठल्या नाहीला तुमचा आवाज बदलतो ते मी ऐकलं असतं.

काल दुपारी एक गृहस्थ आले. तुमचं सारं कार्य आटोपून फार दिवस झालेले नाहीत, तरी आले. बैठकीतून त्यांचा आवाज येत होता. बाईशिवाय घर राहत नाही, वय काही गेलेलं नाही, पोरगी थोडी मोठी आहे, आधी ठरलेलं मोडलेलं आहे, समजूतदार आहे. माझे मालक शेतात होते. मी चुलीपाशी बसून ऐकत होते; ती येसूच असेल का, हे त्यांच्या बोलण्यातून कळेना.

बोलणं थांबलं. पावलं वाजली. स्वैपाकघराच्या दाराबाहेर कोणीतरी येऊन उभं राहिलं. मी पदर ओढून घेतला. भासरे होते. पाठ दाराकडं, तोंड अंगणाकडं.

त्यांनी खाकरून घसा साफ केला. मला वाटलं, पाणी हवं असेल, भिंतीला सांगतील.

"तुले सांगतलं असन तिनं काही," ते म्हणाले. "मायाबद्दल. पुढचं. तिच्या मनात काय होतं?"

बाई, ते माझ्याशी बोलत होते. घरात दुसरं कोणी नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज माझ्या दिशेनं कधी आला नव्हता. इतका थकलेला असेल असं मला वाटलं नव्हतं.

मला सोपं होतं. तुमच्या नावानं काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी मानलं असतं. बाई नको म्हणाल्या होत्या, एवढं म्हटलं की पुरे. किंवा बाई म्हणाल्या होत्या, करा, आणि सुखी राहा. तुमच्या तोंडी दोन्ही शोभलं असतं, आणि तुम्ही दोन्ही बोललाही होता. मी तोंड उघडलं, आणि तुमच्या नावानं एक शब्द निघेना.

"मले माईत नाई," मी म्हणाले. तुमच्या बोलीत निघालेला माझाच आवाज मला परका वाटला. मी या घरात त्यांना ऐकू जाईल असं पहिल्यांदा बोलत होते. "मी लय इचारलं. त्यायनं सांगतलं नाई."

ते हलले नाहीत.

"पन मायं म्हनाल तर नको. तुमी एकले नाई. दोन लेकरं हायेत घरात, थे तिलेच माय म्हनत होते. त्यायले जवळ घ्या."

मग ते म्हणाले, "बरं." इतकंच. बैठकीत गेले. पाहुण्यांनी पाणी पिऊन निरोप घेतला. जरा वेळानं मी दारातून पाहिलं तर धाकटा त्यांच्या मांडीवर चढून पागोटं ओढत होता, आणि ते त्याला ओढू देत होते.

कालपासून माझं मन सारखं तुमच्याकडं धाव घेतं आहे. मी केलं ते तुम्हाला आवडलं असतं की नाही, ते मला कळत नाही, आणि कधी कळणारही नाही. तुम्ही असता तर बोळा फिरवत म्हणाला असता, तुले कोनं इचारलं होतं?

त्यांनी विचारलं, बाई. मला विचारलं.